आधी टोन, मग आवाज

दिवाळीनंतर मंडई भरू लागली की भंडारा जिल्ह्यात झाडीपट्टीची नाटके रंगतात. प्रयोग रात्रभर चालतो. मागे बसलेल्यांना संवाद कळला नाही, की ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवला जातो. हा उपाय बहुधा चुकतो.

स, श, च यांसारखी व्यंजने ओळखू येतात ती उच्च वारंवारितेच्या ध्वनींमुळे. बास जास्त असला की ते ध्वनी झाकले जातात. आवाज वाढवला तर बासही वाढतो. शब्द झाकलेलाच राहतो.

खरी किल्ली टोनच्या बटणात आहे. हे बटण म्हणजे कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर. गिटारच्या इफेक्ट पेडलमध्येही तोच असतो. त्याच्या जोडीला कपॅसिटर असतो. साध्या सर्किटमध्ये ०.०१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरसोबत १० किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर सुमारे १,६०० हर्ट्झच्या वरचे ध्वनी दबू लागतात. रोध १०० किलोओहम केला, की ही सीमा १६० हर्ट्झवर उतरते आणि बोलणे दबके वाटते. दोघांच्या जागा बदलल्या तर उलट घडते : सीमेखालचा बास कापला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघी ४ तास. म्हणून ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यांनी आधी बास उतरवावा, ट्रेबल तपासावा, मगच आवाजाच्या बटणाला हात लावावा. काही रुपयांचा रेझिस्टर संवादही वाचवतो आणि कानही.