नाव सांगणं, नाव झाकणं



१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव आणलं. नावासाठी बायका इतक्या झगडल्या, मग संगणकावरचं आपलं नाव झाका असं आम्ही का म्हणतो?

भातकुलीसारख्या गावात एका संगणकावर घरातले सगळेच बसतात. बाई खात्याला आपलं पूर्ण नाव देते आणि यंत्र सुरू होताच ते पडद्यावर झळकतं. नवऱ्याविरुद्ध तक्रार लिहिणारीला ते महागात पडू शकतं.

विंडोजच्या सेटिंगमध्ये नाव बदलता येतं, पण तेवढ्याने भागत नाही. 'युजर्स'मधल्या फोल्डरला जुनंच नाव राहतं, वर्डच्या फाइलीतही लेखक म्हणून ते चिकटलेलं असतं. म्हणून ओळख न देणाऱ्या नावाचं नवंच खातं उघडावं आणि फाइल पाठवण्याआधी तिच्यातलं नाव काढावं. मुख्य खातं नवऱ्याच्या हाती असेल तर तो पासवर्डही बदलू शकतो. अशा वेळी दुसरीकडचा संगणक बरा.

विदर्भातल्याच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तिचं नाव देशभर झालं. तिला कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या आंदोलनानंतर, १९८३ साली, अशा स्त्रीचं नाव छापणं गुन्हा ठरलं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

नाव कुठे सांगायचं आणि कुठे झाकायचं, हे जिचं नाव तिनेच ठरवावं. लाजेने लपणं वेगळं, हक्काने झाकणं वेगळं.