बोरन्हाण जरूर करा, पण शेंगदाणे-हरभरे बाजूला ठेवून

मंडळी, संक्रांत ते रथसप्तमी घरोघरी बोरन्हाणं होतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, फोटो. हौस व्हायलाच पाहिजे. पण बाळाच्या डोक्यावरून आपण काय ओततो ते एकदा बघा. बोरं, हरभरे, शेंगदाणे, हलवा, गोळ्या. आणि भोवती जमलेली एक ते पाच वर्षांची पोरं ते वेचून हसत, ओरडत, पळत तोंडात कोंबतात. श्वासनलिकेत दाणा जायला अजून काय लागतं?

सगळ्या दाढा यायला अडीच-तीन वर्षं जातात. तोवर दाणा नीट चावला जात नाही आणि हसता-रडताना श्वासाबरोबर आत ओढला जातो. मोठा ठसका लागतो, पोर लालबुंद होतं, मग शांत होतं. आपण म्हणतो, "गेला खाली." पण तो फुप्फुसाच्या नळीत, बहुतेक वेळा उजव्या बाजूला, अडकलेला असू शकतो. तिथं तो ओलाव्याने फुगतो. एक्सरेत शेंगदाणा दिसत नाही. मग खोकला हटत नाही म्हणून आठवडेच्या आठवडे औषधं आणि वाफ चालू राहते. म्हणून डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, "खाताना ठसका लागला होता." त्यांनी दुर्बिणीतून तपासायला सांगितलं तर टाळू नका. दाणा काढायचा मार्ग तोच आहे.

असं काही झालं की आपल्याकडे पहिला सवाल आईला, "लक्ष कुठं होतं तुझं?" अहो, लक्ष होतं. पण करायचं काय, हे तिला कुणी शिकवलंय का?

पोर जोरात खोकत असेल तर खोकू द्या. घशात बोट घालू नका, पाणी पाजू नका. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील तर लगेच १०८ ला फोन लावायला सांगा आणि हात चालवा. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. मोठ्या मुलाला पाठीवर ५ थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर ५ झटके. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून.

पण हे वाचून येत नाही, हाताने करून शिकावं लागतं. म्हणून मागणी दोनच. अंगणवाडीतल्या माता बैठकीत बाहुलीवर याचं प्रात्यक्षिक व्हावं. त्याला फारसा खर्च नाही. आणि लहान मुलांची दुर्बीण-तपासणी व त्यासाठीचा भूलतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात रात्रीही मिळतो का, हे आपल्या लोकप्रतिनिधींनी सांगावं. ग्रामसभेत विषय मांडा.

तोवर यंदा डोक्यावरून फुलांच्या पाकळ्या टाका. खाऊ पुडीत बांधून आईच्या हातात द्या. अख्खे दाणे चार-पाच वर्षांपर्यंत नकोच, कूट करून द्या.

बोरन्हाण ठरलेल्या घरांपर्यंत हे पोचवा.