बेंबी ओली राहते? लपवू नका



गाय व्याली की आपण वासराची बेंबी पाहतो, नाळेला आयोडीन लावतो. बेंबीतून लघवी ठिबकू लागली तर गुरांच्या डॉक्टरांना बोलावतो. हाच दोष माणसाला असला, की मात्र सदऱ्याखाली झाकतो.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने तो पंचेचाळीस वर्षे झाकला. बेंबी अधूनमधून ओली व्हायची, वास यायचा. तो हळद भरायचा. ऐन ज्वारीच्या काढणीत ताप चढला, बेंबीखाली गाठ आली, पू वाहू लागला. शेवटी मुंबई गाठावी लागली. सोबतीला मी होतो.

तिथल्या डॉक्टरांनी समजावले ते असे. बाळ आईच्या पोटात असताना त्याच्या लघवीच्या पिशवीपासून, म्हणजे मूत्राशयापासून, बेंबीपर्यंत एक नळी असते. पुढे ती बुजून तिची नुसती दोरी उरते. काहींची पूर्ण बुजत नाही. उघडी राहिली तर लघवी झिरपते. मध्ये पोकळी राहिली तर तिच्यात पू होतो, तोही कधी कधी मोठ्या वयात. क्वचित तिथे कर्करोगही होतो. म्हणून लघवीतून रक्त गेले तर एक दिवसही थांबू नका.

आधी औषध देऊन व पू काढून दाह शमवतात. सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास दुर्बिणीने तपासणी होते. मग शस्त्रक्रिया करून नळी काढतात, बऱ्याचदा मूत्राशयाचा जोडलेला तुकडाही. हरळीची काशी राहिली की पुन्हा फुटते, तसेच हे आहे. काही दिवस लघवीला नळी ठेवतात. काढलेला भाग तपासायला जातो. तो अहवाल घेतल्याशिवाय गावी परतू नका.

पहिल्यांदा जिल्हा रुग्णालयात दाखवा. मुंबईला पाठवले तर परळला महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय आहे, १९२६ पासूनचे. पश्चिम रेल्वेच्या प्रभादेवी स्थानकावरून चालत जाता येते. याच स्थानकाला २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हणत. रेशनकार्ड व आधारकार्ड जवळ ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारा. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिराचा न्यासही गरजू रुग्णांना मदत देतो. अर्जाला कोणते कागद लागतात ते आधी विचारून घ्या.

आमचा गडी बरा झाला. पण पोती उचलायला त्याला काही महिने मनाई होती, आणि त्या हंगामात मजूर लावावा लागला. वेळीच दाखवले असते, तर सुगी सोडून सवडीने जाता आले असते.

वासराची घेतो तेवढी तरी काळजी स्वतःची घ्या.