सिंहांची जोडगोळी

आपल्या सुभाषितांतून सिंह भेटतो तो एकटा. त्याला ना मंत्री लागतो, ना सेना. कल्पना भव्य खरी. परंतु आशियाई सिंहांचा वंश ज्या एकाच प्रदेशात तगून राहिला, त्या सौराष्ट्रातील गीरच्या अरण्यात ती फारशी टिकत नाही. तेथे राज्य करायचे तर नराला बहुधा साथीदार लागतो.

हद्द राखणे म्हणजे काय, हे आम्हां पहाडगंजवासीयांना निराळे सांगावे लागत नाही. येथील गल्लीगल्लीतल्या कुत्र्यांची सीमा ठरलेली असते, आणि रात्री एखादे परके कुत्रे ती ओलांडून आले की सारी गल्ली जागी होते! सिंहही गर्जनेने आणि झुडपांवर मूत्राचा फवारा सोडून आपली सीमा जाहीर करतो. मात्र त्याच्या भांडणात प्राण पणाला लागतात, आणि तेही केवळ त्याचे नव्हेत. विजयी झालेला नवा नर आधीच्या नराची पिले पुष्कळदा मारून टाकतो. पिले लहान असेतोवर, म्हणजे सुमारे दोन वर्षे, सिंहीण माजावर येत नाही. पिले गेली की ती लवकरच येते. या क्रौर्यामागचा हिशेब असा आहे.

गीरच्या सिंहिणीने त्यावर तोड काढली आहे. तेथे माद्यांचा कळप नरांपासून बहुधा वेगळाच राहतो. सिंहीण आसपासच्या प्रतिस्पर्धी नरांशीही संग करते. त्यामुळे पिले कोणाची, हा संभ्रम राहतो आणि त्यांचे प्राण वाचतात.

नरांच्या जोडीतही समानता नसते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे स्तोत्र चक्रवर्ती आणि यादवेंद्रदेव झाला यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, समागमाच्या शंभरांपैकी सत्तरांहून अधिक संधी जोडीतील वरचढ नरच घेतो. शिकारीतही त्याचा वाटा मोठा. मग दुसरा राहतो कशाला? एकट्याने राहिल्यास एवढेही पदरी पडत नाही, म्हणून. एकत्र कुटुंबातील एखाद्या धाकट्या भावाला हे चटकन उमजेल. सिंहांचे साथीदार मात्र सख्खे भाऊच असतात असे नाही.

या जोडीचे मोल २०२५ साली गीरमध्ये दिसून आले. ‘शोले’तील मित्रांवरून जय आणि वीरू अशी नावे पडलेल्या दोन सिंहांची तेथील मोठ्या प्रदेशावर सत्ता होती. दोघे एकमेकांपासून दूर असताना इतर नरांनी त्यांना गाठले. जखमी वीरू जूनमध्ये मरण पावला. उपचार चालू असतानाही जय जुलैअखेर गेला.

अशा झुंजींत हरलेले आणि नुकतेच वयात आलेले नर नवी जागा शोधीत बाहेर पडतात. २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक गीरच्या राष्ट्रीय उद्यानाबाहेर व अभयारण्याबाहेर होते. अमरेली आणि भावनगर जिल्ह्यांतील शेतांमधून ते रात्री हिंडतात. तेथे प्रतिस्पर्धी कमी, पण कठडा नसलेल्या विहिरी आणि लोहमार्ग आहेत. हजारो विहिरींना वनखात्याने कठडे बांधविले आहेत. लोहमार्गावर मात्र रात्रीची गस्तच घालावी लागते.