७२ किलोंची मेगाभरती

राज्य सरकारने २०१८ मध्ये ७२ हजार पदे भरण्याची घोषणा केली आणि ती ‘मेगाभरती’ याच नावाने गाजली. मापनशास्त्रात ‘मेगा’चा अर्थ मात्र ठरलेला आहे : दहा लाख. हजाराला तिथे ‘किलो’ म्हणतात. त्या हिशेबाने ही भरती ७२ किलोंची. पुढल्या वर्षी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, हाच शब्द पक्ष बदलून सत्ताधाऱ्यांकडे येणाऱ्या पुढाऱ्यांच्या रांगेला लागला. तिथे तर पदसंख्याही जाहीर नव्हती. हा शब्द सगळ्यांना इतका हवासा का वाटतो, हे यावरून कळते. ‘७२ हजार’ म्हटले की त्यातली भरली किती, असे कोणीही विचारू शकतो. ‘मेगा’ मात्र कधी खोटा पडत नाही.

पुणे जिल्ह्यात एक खराखुरा ‘जायंट’ आहे. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. ‘जायंट’ हा तिच्या नावातला पहिलाच शब्द, तरी लोक तिला नुसते ‘जीएमआरटी’ म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ मोठेपणाच्या मोहातून सुटले आहेत असे मात्र नाही. युरोपीयांनी चिलीत ८.२ मीटरच्या चार दुर्बिणी बांधल्या, त्यांना नाव दिले ‘व्हेरी लार्ज’. आता ३९ मीटरच्या आरशाची दुर्बीण उभी राहते आहे, ती ‘एक्स्ट्रीमली लार्ज’. मध्यंतरी १०० मीटरचीही कल्पना निघाली होती. तिचे नाव ‘ओव्हरव्हेल्मिंगली लार्ज’, म्हणजे छाती दडपवणारी. खर्चाचा अंदाज पाहून ती सोडून दिली, तेव्हा छाती दडपली ती खजिनदारांची. विशेषणे अशी संपत आल्यावर उरते ते माप. जीएमआरटी चालवणाऱ्या गणेशखिंडीतल्या केंद्राचा वाटा असलेला आणि ज्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये १,२५० कोटी रुपये मंजूर केले, तो आंतरराष्ट्रीय प्रकल्प स्वतःला ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ म्हणवतो. नावात विशेषण नाही, क्षेत्रफळ आहे. यावर कोणी म्हणेल, पहिल्या टप्प्यात तेवढे क्षेत्रफळ भरतच नाही, मग आकडाही फुशारकीच नव्हे का? आहेच. पण ती पकडता आली, कारण तो आकडा होता.

दुसरा आक्षेप अधिक घरचा आहे. इंग्रजीला कशाला बोल लावायचा, आपला ‘महा’ काय कमी आहे? बोल इंग्रजीला नाहीच. तीही उसनवारीवरच मोठी झाली : पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून तिने ‘जगरनॉट’ केला आणि ब्रिटनमध्ये तो अवजड मालट्रकला चिकटवला. ‘महा’ची गोष्ट मात्र वेगळी होती. तो नुसता आकार फुगवत नसे, अर्थ बदलत असे. निद्रेतून माणूस उठतो, महानिद्रेतून नाही. रोग कोणताही असू शकतो, महारोग एकच. म्हणून हा उपसर्ग जपून वापरायचा. २०१९ च्या ‘महाजनादेश यात्रे’त ‘महा’ आणि ‘यात्रा’ यांच्यामध्ये ‘जनादेश’ घालून दोघांना सुरक्षित अंतरावर ठेवले होते, हे योजकांचे भाषाभान म्हणायचे की नशीब, कोण जाणे. वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाले तेव्हा महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशी नावे आली. यातला ‘महा’ महाराष्ट्राचा, हे कार्यालयाला ठाऊक. दिवे गेल्यावर अंधारात बसलेल्या ग्राहकाला तो कोणता ऐकू येतो, हे वेगळे सांगायला नको.

मथळ्यात जागा कमी असते, छोटा शब्द लागतो, ही आमच्याच व्यवसायातली सबब. पण ‘७२ हजार’ काही ‘मेगाभरती’पेक्षा लांब नाही. खरी अडचण पुढच्या घोषणेची आहे, कारण ती आधीपेक्षा मोठी दिसायला हवी. मेगानंतर गिगा येतो. तेवढी भरती करायची तर पदे लागतील शंभर कोटी, आणि २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती, तान्ह्या बाळांसकट.