रडणारे मूल आणि थकलेले हात

आपल्या साहित्यात आणि व्याख्यानांत पाळण्याच्या दोरीचे गोडवे पुष्कळ गायिले गेले आहेत. आईची माया, बाळाचे हसू, अंगाई या विषयांवर लिहायला बसले की लेखणी आपोआप पाझरू लागते. परंतु रात्रीचे दोन वाजले आहेत, तान्हे मूल तासाभरापासून रडते आहे, पाजून झाले, दुपटे बदलून झाले, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालून झाल्या आणि तरीही ते थांबत नाही, या वेळेबद्दल मात्र कोणी बोलत नाही. त्या वेळी मूल ज्याच्या हातात असते त्याच्या मनात माया असतेच. पण मायेच्या शेजारी संताप असतो, असहायता असते, आणि कधीकधी तो संताप हातांत उतरतो. मूल काखेत धरून गदागदा हलवले जाते किंवा अंथरुणावर आदळले जाते. काही सेकंदांचीच ती गोष्ट. परंतु त्या काही सेकंदांत एक आयुष्य संपू शकते किंवा कायमचे अधू होऊ शकते. हा विषय घराघरांतला आहे, आणि म्हणूनच तो उघडपणे बोलला गेला पाहिजे, असे माझे मत आहे.

प्रथम शरीराचा विचार करू. नवजात बाळाच्या एकूण लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा त्याचे डोके असते. ते डोके पेलणारी मान मात्र अजून कोवळी असते. कवटीच्या आतला मेंदू मऊ आणि पाणीदार असतो. मूल जोराने हलवले गेले की डोके पुढे-मागे हिसडले जाते, मेंदू आतल्या आत हेलकावतो आणि मेंदूपासून त्याच्या वेष्टनाकडे जाणाऱ्या नाजूक रक्तवाहिन्या तुटतात. आत रक्त साचते, डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव होतो, श्वास अडखळतो, मेंदूला सूज येते. बाहेरून पाहावे तर बहुधा ओरखडासुद्धा नसतो! जी प्रकरणे रुग्णालयांत ओळखली जातात त्यांतल्या चार मुलांपैकी सुमारे एक दगावते. जी जगतात त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला अंधत्व, आकडी, हातापायांचे लुळेपण किंवा मतिमंदत्व येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर आया उगाच धास्तावतील. पाळण्याचे झोके, मांडीवर थोपटणे, खांद्यावर घेऊन चालणे, खडबडीत रस्त्यावरचा एस. टी.चा प्रवास यांनी ही इजा होत नाही. ती होते रागाच्या भरात केलेल्या जोरकस हिसक्यांनी आणि आदळण्याने. जवळ उभा असलेला कोणीही माणूस ते पाहून ‘अरे, अरे, मूल मरेल!’ असे ओरडेल, इतका त्याचा जोर असतो.

वैद्यकशास्त्राला हे ध्यानात यायलाही बराच काळ लागला. १९४६ साली जॉन कॅफी या अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञाने सहा तान्ह्या मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांच्या मेंदूभोवती रक्त साचले होते आणि हातापायांची हाडेही मोडलेली होती. पण मूल पडल्याचे वा कशाला आपटल्याचे कोणी सांगत नव्हते. १९६२ साली हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार खाणाऱ्या मुलांचा प्रश्न वैद्यकीय जगापुढे उघडपणे मांडला. १९७१ साली इंग्लंडमधील मेंदूचे शल्यविशारद नॉर्मन गथकेल्च यांनी दाखवून दिले की, डोक्यावर काही खूण नसतानाही नुसत्या हलवण्याने असा रक्तस्राव होऊ शकतो. त्या देशातही ‘मारले नाही, नुसते हलवले’ हे सौम्य मानले जात असे. आता डॉक्टर ‘शेकन बेबी’ या जुन्या नावाऐवजी ‘अब्यूझिव्ह हेड ट्रॉमा’, म्हणजे गैरवागणुकीतून डोक्याला झालेला आघात, असे म्हणतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००९ साली हा बदल सुचवला, कारण इजा केवळ हलवण्यानेच होते असे नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘ही तिकडची थेरे आहेत. आपल्याकडे आजी आहे, मावशी आहे, एकत्र कुटुंब आहे. आपल्याकडे असे होत नाही.’ हा युक्तिवाद कानाला गोड लागतो, परंतु तो टिकणारा नाही. आपल्या गुन्हेविषयक वार्षिक अहवालांत या इजेसाठी वेगळा रकानाच नाही. तान्हे मूल रात्रीतून निपचित पडले तर ‘आकडी आली’, ‘दृष्ट लागली’, ‘बाहेरची बाधा झाली’ अशी कारणे आपल्याकडे तयारच असतात. ज्याची नोंद नाही ते घडतच नाही, असे म्हणणे म्हणजे डोळे मिटून अंधार झाला म्हणण्यासारखे आहे.

आणि रडणाऱ्या मुलापुढे हतबल झालेला माणूस आपल्याला नवा तरी कोठे आहे? मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या कित्येक बायका १९२० च्या सुमारास तान्ह्या मुलांना अफूच्या बाळगोळ्या देत असत. त्या काही दुष्ट नव्हत्या. दिवसभर गिरणीत उभे राहायचे, रात्री एका खोलीत सारे बिऱ्हाड, आणि मूल रडले तर उद्याची पाळी चुकणार! मूल गप्प व्हावे म्हणून त्यांनी विष हाती घेतले, कारण दुसरे हात त्यांच्याजवळ नव्हते. आजही ऊसतोडणीला जाणाऱ्या जोडप्याचे तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत असते आणि त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण असते. शहरातल्या दोन खोल्यांच्या सदनिकेत नोकरी करणारे नवरा-बायको आळीपाळीने जागतात, तेव्हा त्यांच्याही मदतीला कोणी नसते.

आपल्या जुन्या चालीत एक शहाणपण होते, हे येथे मान्य केले पाहिजे. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. मुलाच्या रडण्याचे सर्वांत कठीण आठवडे आई, आजी, काकू, शेजारीण अशा चार-सहा हातांत वाटले जायचे. मात्र या चालीची दुसरी बाजूही आहे. त्या काळात बाप तेथे नसतोच. मूल कसे धरावे, ते का रडते, हे त्याला कोणी शिकवत नाही. पुढे कधीतरी बायको आजारी पडते, कामावर जाते, आणि तो मुलाजवळ एकटा सापडतो. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदी सांगतात की, अशी इजा करणाऱ्यांत बाप आणि घरातले पुरुष यांचेच प्रमाण अधिक असते. तेव्हा ‘मूल सांभाळणे हे बायकांचे काम’ ही समजूत नुसती अन्यायाची नाही, ती मुलाच्या जिवावर बेतणारी आहे.

मग उपाय कोणता? माझ्या मते पहिला उपाय ज्ञानाचा आहे, आणि तो स्वस्त आहे. १९६२ साली बेरी ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने निरोगी मुलांच्या रडण्याची आयांकडून नोंद करवून घेतली. त्यावरून आणि नंतरच्या अभ्यासांवरून दिसले ते असे: दुसऱ्या आठवड्यापासून मुलाचे रडणे वाढत जाते, सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ते कळसाला पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरते. दिवसाकाठी दोन-तीन तास रडणे, त्यातही संध्याकाळी अधिक रडणे, आणि काही केल्या न थांबणे हे निरोगी मुलातही आढळते. ‘रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही’ असे आपण म्हणतो. परंतु प्रत्येक रडणे दुधासाठी नसते आणि प्रत्येक रडण्याला उत्तर नसते. ताप, उलटी, दुखणे नाही ना हे पाहावे, डॉक्टरांना दाखवावे, आणि तरीही मूल रडले तर ते आपले अपयश नव्हे, हे आईबापांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

त्याच्या जोडीला एक साधा नियम सांगितला पाहिजे: राग अनावर होऊ लागला तर मूल पाळण्यात किंवा सतरंजीवर उताणे, सुरक्षित ठेवावे आणि दार ओढून पाच-दहा मिनिटे बाहेर यावे. तोंडावर पाणी मारावे, शेजारच्या काकूंना हाक मारावी, बहिणीला फोन करावा, आणि मग परत जावे. रडून मूल मरत नाही, हिसक्याने मरते. रडते मूल खाली ठेवणारी आई आपल्याकडे ‘दगडाच्या काळजाची’ ठरते. वास्तविक त्या क्षणी मूल खाली ठेवणे हीच माया होय.

असे सांगितल्याने फरक पडतो का? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात डिसेंबर १९९८ पासून मार्क डायस या शल्यविशारदाने बाळंतिणीला आणि बापाला रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच ही माहिती देण्याचा क्रम सुरू केला. तेथे अशा इजांचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात रुग्णालयात आणि पुढे घरभेटीतही तेच सांगितले गेले. तेथेही दोन वर्षांखालील मुलांमधले हे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटले. मात्र पेनसिल्व्हेनिया राज्यात हा क्रम सर्वत्र राबवला तेव्हा अशा मुलांची रुग्णालयात भरती कमी झाली नाही. यावरून मी इतकाच बोध घेतो की, एकदा कागद हातात देऊन भागत नाही. सांगणारे माणूस ओळखीचे हवे, ते पुन्हा यायला हवे, आणि दमलेल्या घराला खरोखरीची मदतही हवी.

आणि असे माणूस आपल्याकडे आहे! गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले आणि तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून कमी करून दाखवले. तो अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून देशभर आशाताई हेच काम करू लागल्या. रुग्णालयात जन्मलेल्या मुलाच्या घरी त्यांनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जावे असा नियम आहे. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे पूर्ण, म्हणजेच रडणे कळसाला पोहोचण्याचा काळ. या योगायोगाचा फायदा आपण का घेऊ नये? वजन आणि लसीच्या जोडीला ‘बाळ फार रडते का? तुम्हाला राग येतो का? रात्री कोण मदत करते?’ हे तीन प्रश्न विचारावेत, आणि शक्य तेथे बापालाही समोर बसवावे. अर्थात आशाताईंवर आणखी एक काम लादायचे तर त्यांच्या मोबदल्याचाही विचार सरकारने केला पाहिजे.

एवढे करूनही दुर्घटना घडली तर? तान्हे मूल अचानक सुस्त झाले, दूध ओढीनासे झाले, वारंवार ओकू लागले, आकडी आली, श्वास अडखळला, टाळू फुगलेली दिसली, तर अंगारे-धुपारे न करता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. निपचित मुलाला जागे करण्यासाठी पुन्हा हलवणे हे तर महाघातक. अजून कुशीवरही न वळणाऱ्या मुलाच्या अंगावर वळ किंवा काळेनिळे डाग दिसले तर ती धोक्याची खूण समजावी. डॉक्टरांना खरे सांगावे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण अब्रूला लागू पडत असेल, मुलाच्या मेंदूला नाही. शेजाऱ्यांना शंका आली तर १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी आहे. त्याचा आरंभ १९९६ साली मुंबईतच झाला. दमून खचलेल्या आईबापांसाठी २०२२ पासून १४४१६ हा मानसिक मदतीचा दूरध्वनी आहे. मुलावर क्रौर्य करणाऱ्यास शिक्षा देणारा बाल न्याय अधिनियम, २०१५ हा कायदाही आहे.

परंतु कायद्याचा हात उगारताना सावधगिरी हवी. जन्मतः ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन न मिळालेल्या मुलालाही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रक्ताचे काही जन्मजात दोषही तसेच भासतात. पुढे न्यायालयांत या निदानाचा अतिरेक होतो आहे, अशी चिंता खुद्द गथकेल्च यांनीच उतारवयात व्यक्त केली. टेक्सासमध्ये मुलीच्या मृत्यूबद्दल २००३ साली फाशीची शिक्षा झालेल्या बापाची शिक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये ऐन वेळी थांबली, ती अशाच वादामुळे. तेव्हा रक्ताच्या तपासण्या, डोळ्यांची तपासणी, हाडांचे क्ष-किरण चित्र, हे सारे पाहूनच ठरवावे. मुलाचे रक्षण आणि निरपराधाचे रक्षण यांत विरोध नाही. दोन्हींसाठी काळजीपूर्वक तपासच हवा. आणि खटला कितीही चोख चालला तरी तो मुलाला डोळे परत देत नाही, म्हणूनच सारा भर आधी सांगण्यावर हवा.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, हा विषय आपला नव्हे असे समजू नका. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ताई किंवा वहिनी बाळंत होते आणि ‘जरा याला धर’ म्हणून मूल आपल्या हाती येते. पाच-सहा वर्षांत आपणच आईबाप होऊ. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो, झाडे लावतो, व्यसनमुक्तीवर पथनाट्य करतो. या वर्षी एक पथनाट्य रडणाऱ्या मुलावर करूया. त्यात बापाचे काम मुलांनीच करावे, आणि संताप आल्यावर मूल हलकेच खाली ठेवून तो बाहेर ओट्यावर येऊन बसतो, हे गावाला दाखवावे. गाव हसेल कदाचित. परंतु त्या हसणाऱ्यांतला एखादा बाप पुढे एखाद्या रात्री ते आठवून मूल खाली ठेवील, तर आपल्या सात दिवसांच्या शिबिराचे सार्थक झाले असे मी म्हणेन.