‘आठ’ निघाला, गाडी शिकायची राहिली

मोटारसायकलचे पक्के लायसन्स काढायला यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीच्या तरुणाला काय यावे लागते? आखलेल्या पट्ट्यात, पाय न टेकवता, इंग्रजी आठचा आकडा काढता यावा लागतो. मिनिटभराचे काम. त्यासाठी तो शंभरेक किलोमीटरवरचे यवतमाळचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय गाठतो, नाहीतर जवळपासच्या तालुक्याला कार्यालयाचे शिबीर लागण्याची वाट पाहतो. आठ निघाला की सरकारच्या लेखी त्याला गाडी येते. कोणती गाडी? शंभर सीसीची, दोनशेची, हजाराचीसुद्धा. गियरच्या मोटारसायकलचा परवाना एकदा हातात पडला की कायदा पुढे काही विचारत नाही. परवान्याच्या पायऱ्या आपल्याकडे नाहीत असे नाही; त्या कागदावर आहेत आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये काहीच घडत नाही. माझे म्हणणे एवढेच, की एका पायरीवरून दुसरीवर जाण्याची वाट प्रशिक्षणातून गेली पाहिजे, आणि ते प्रशिक्षण महागाव तालुक्यातल्या गावापर्यंत चालत आले पाहिजे.

आजची पहिली पायरी पाहा. शिकाऊ परवान्यासाठी पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर आले की पास. २०२१ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा आधार क्रमांकाच्या जोरावर घरबसल्या देता येते. सोय चांगली आहे, हेलपाटा वाचतो; पण त्या वेळी माउस कुणाच्या हातात असतो हे ठामपणे सांगणे कठीण. मग किमान तीस दिवस थांबायचे आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्या परवान्याची चाचणी द्यायची. हे तीस दिवस शिकण्यासाठी ठेवलेले आहेत. शिकवणार कोण, ते कुठेच लिहिलेले नाही. ड्रायव्हिंग स्कूल असते ते चारचाकी शिकवायला. दुचाकीवाल्यासाठी तिथे बहुतेक वेळा फक्त फॉर्म भरला जातो. शिकाऊ चालकाने शिकवणाऱ्याखेरीज कुणाला मागे बसवू नये, हा नियम पुस्तकात आहे. गावात तो ऐकून लोक हसतील, कारण तिथे पोरगा गाडी शिकतो तोच मुळी मागे दोन मित्र बसवून.

आठच्या चाचणीत काय तपासले जात नाही, ते एका ब्रेकवरून कळेल. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, ही समजूत आपल्याकडे बापाकडून पोराकडे जाते. परिणामी कित्येक जण आयुष्यभर नुसत्या पायाच्या ब्रेकवर गाडी थांबवतात. प्रत्यक्षात ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याची खरी ताकदही तिथेच असते. मागचे चाक हलके होऊन घसरू लागते. ताशी पन्नासच्या वेगात गाडी सेकंदाला चौदा मीटर जाते. समोरचे संकट मेंदूला कळून हात-पाय हलेपर्यंत तेवढे अंतर संपलेले असते. त्यापुढे कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर साधारण पंधरा-वीस मीटरमध्ये गाडी उभी राहते. नुसत्या मागच्यावर तीस मीटरही पुरत नाहीत. हा दहा-पंधरा मीटरचा फरक म्हणजे उसाच्या ट्रॉलीच्या मागे थांबणे आणि ट्रॉलीत शिरणे यातला फरक. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक जोडून देण्याची सक्ती झाली, म्हणजे चालकाची उणीव यंत्राने थोडी भरून काढली. पण रस्त्यावर त्याआधीच्या गाड्या भरपूर आहेत, आणि मोकळ्या गिट्टीवर पुढचा ब्रेक किती हलक्या हाताने दाबायचा हे कोणतेच यंत्र शिकवत नाही. अर्ध्या तासात शिकवता येण्यासारखी ही गोष्ट आहे, एवढाच मुद्दा.

फुलसावंगीच्या आसपासचा रस्ता हा तर एक वेगळाच अभ्यासक्रम आहे. वावरातून पांदण, पांदणीवरून गावरस्ता आणि तिथून काही किलोमीटरवर नागपूर-तुळजापूरचा चौपदरी महामार्ग. एकाच फेरीत गाडी चिखल, खडी आणि ताशी शंभरने धावणारे ट्रक असे तिन्ही पाहते. हंगामात गुंजच्या कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यांतल्या सगळ्यांना मागे रिफ्लेक्टर असतोच असे नाही. कापूस भरलेल्या बंड्या असतात, माहूरला रेणुकेच्या दर्शनाला निघालेली दुचाक्यांची रांग असते, टाकीवर खताचे पोते आडवे टाकलेला शेतकरी असतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. देशातल्या मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते, आणि सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागात झाले. हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचेच आकडे. अपघात म्हटले की मुंबई-पुण्याची गर्दी डोळ्यांपुढे येते, पण माणसे मरतात ती फुलसावंगीसारख्या गावांच्या रस्त्यांवर. आणि प्रशिक्षणाची जी काही सोय आहे ती नेमकी शहरात.

टप्प्याटप्प्याने शिकणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने लुना आणली आणि महाराष्ट्रातल्या एका पिढीची पहिली पायरी आपोआप तयार झाली. मोटार वाहन कायदा आजही सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची गाडी चालवायला परवानगी देतो. लुना त्यात चपखल बसायची. आधी लुना, मग स्कूटर, मग गियरची मोटारसायकल, असा क्रम बाजारानेच लावून दिला होता. आता ५० सीसीच्या गाड्या दुकानातून जवळजवळ गेल्या. २०२४ मध्ये आलेली विजेवरची लुना ताशी पन्नासपर्यंत धावते. ताशी पंचवीसच्या आत आणि २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या ज्या वाहनांना परवाना लागत नाही, त्यांत ती बसत नाही. म्हणजे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी कायद्याने ठेवलेली पायरी उरली फक्त कलमात. मुलगा अकरावीला जातो, कॉलेज लांब, एसटीची वेळ जुळत नाही. तो बापाची शंभर सीसीची गाडी काढतो.

इतर देशांनी ही शिडी कायद्यात बांधली. युरोपात १९ जानेवारी २०१३ पासून लागू झालेल्या नियमांत आधी १२५ सीसीपर्यंत, मग ३५ किलोवॉटपर्यंत आणि शेवटी कोणतीही, असे टप्पे आहेत. दोन वर्षे खालच्या पायरीवर काढल्यावर वर जाताना परीक्षा घ्यायची की किमान सात तासांचे प्रशिक्षण, हे प्रत्येक देशाने ठरवायचे. फ्रान्सने शेवटच्या टप्प्यासाठी प्रशिक्षण निवडले. सिंगापुरात २०० सीसीपर्यंत, ४०० पर्यंत आणि त्यावर असे तीन वर्ग आहेत, आणि प्रत्येक वर्गात किमान वर्षभर राहावे लागते. आपल्याला सगळ्यात उपयोगी पडेल ते ब्रिटनचे १९९० पासूनचे मूलभूत प्रशिक्षण. त्यात पास-नापास नसते. मैदानावर आणि मग रस्त्यावर प्रशिक्षक शिकवतो आणि त्याची खात्री पटली की दाखला देतो. नाही पटली तर आणखी शिकवतो.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा, कारण तो अभ्यासकांचा आहे. प्रशिक्षणाने अपघात खरोखर कमी होतात का? २०१० मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने जगभरचे प्रयोग तपासले आणि मोटारसायकल प्रशिक्षणाच्या बाजूने ठोस पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष दडवून प्रशिक्षणाची भलामण करणे बरे नव्हे. पण त्याच आढाव्यात एक निरीक्षण आहे: परवान्याआधी प्रशिक्षण सक्तीचे असेल तर काही जण परवान्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि गाडीवर कमी बसल्यामुळे अपघातही कमी होऊ शकतात. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्यांचा परवाना आणला, त्यानंतर १५ ते १९ वयोगटातल्या मोटारसायकल अपघातांच्या रुग्णालयभरतीत २२ टक्के घट नोंदली गेली. तीही बरीचशी गाडीवरचा वावर घटल्यामुळे. मला यातून दिसते ते असे. नुसते कौशल्य शिकवले की पोरगा स्वतःला तरबेज समजू लागतो आणि वेग वाढवतो. जीव वाचतात ते धोका ओळखायला शिकवल्याने आणि मोठी गाडी उशिरा हातात दिल्याने. म्हणून अभ्यासक्रमात कसरती नकोत. वळणापलीकडे काय असेल, ट्रॉलीला ओलांडायचे कधी नाही, मागे माणूस बसला की थांबायचे अंतर किती वाढते आणि हेल्मेटचा पट्टा कसा लावायचा, एवढे पुरे. हेल्मेटबाबत तर त्याच संस्थेचा २००८ चा आढावा निःशंक आहे: मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी कमी.

दुसरा आक्षेप गरिबाच्या बाजूने येतो आणि तोच मला सर्वांत वजनदार वाटतो. फवारणीच्या दिवसांत दोन दिवसांची मजुरी बुडवून कोण येणार? अट वाढवली की लोक बिनपरवान्याचे फिरतील. आजही काही कमी फिरत नाहीत. खरे आहे. बिनपरवाना चालवण्याचा दंड ५,००० रुपयांवर गेला. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही, इतकी कडक तरतूद झाली. एवढे करूनही गावातले चित्र बदलले नाही, कारण कायद्याने दार लावले पण चालायला वाट दिली नाही. म्हणून प्रशिक्षण ही वाढीव अट म्हणून नको, जवळचा रस्ता म्हणून हवे. तालुक्याच्या आयटीआयच्या नाहीतर मोठ्या गावातल्या शाळेच्या मैदानावर दोन दिवसांचे शिबीर लावायचे, शिकाऊ परवाना तिथेच द्यायचा आणि महिन्याने त्याच मैदानावर चाचणी घ्यायची. यवतमाळची फेरी वाचली तर मजुरी उलट वाचेल. नव्या चालकाला पहिले वर्ष १२५ सीसीची मर्यादा घातली तरी शेतकऱ्याला तोशीस नाही. गावातल्या बहुतेक गाड्या शंभर ते सव्वाशे सीसीच्याच आहेत. अडेल तो अठराव्या वर्षी दोनशे सीसीची गाडी मागणारा, आणि त्याने एक वर्ष थांबावे, सात तास शिकावे, हे मागणे मोठे नाही. एक फायदा सहसा कुणी मोजत नाही. घरात शिकवणारा भाऊ किंवा नवरा गाडीवर हात ठेवू देत नाही म्हणून ज्यांचे शिकणे अडते, त्या आशा सेविकांना, अंगणवाडी सेविकांना आणि कॉलेजच्या मुलींना शिबिरात हक्काची जागा मिळेल.

तिसरा आक्षेप: दाखले विकले जातील. जातीलच, बंदोबस्त नसेल तर. पीयूसीचे काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच जुलै २०२१ पासून लागू झालेल्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांच्या नियमांतली एक गोष्ट मला पटत नाही. त्या केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ आहे. जपानमध्येही ठरावीक शाळांना अशी सवलत आहे आणि तिथे ती चालते. पण आपल्याकडे जो फी घेतो त्यानेच पास करायचे, ही रचना धोक्याची. शिकवणारा आणि तपासणारा वेगळाच हवा. शिवाय या केंद्रासाठी किमान एकर जागा आणि सिम्युलेटरची अट आहे. एवढा पैसा घालणारा माणूस नागपूर, अमरावती, फार तर यवतमाळ बघेल. महागावात येणार नाही.

उरतो तो अभिमान: आमची पोरे आपोआप शिकतात. फुलसावंगीत या अभिमानाला आधारही आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये याच गावातल्या एका तरुण कारागिराचा, स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते लागून मृत्यू झाला आणि देशभर गावाचे नाव झाले. आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंग करणारा मुलगा व्हिडिओ पाहून तिथवर पोचला होता. त्याच्या बुद्धीला दाद देणारे खूप निघाले. अशा हाताला वेळेवर जाणता शिक्षक, चाचणीची सुरक्षित जागा आणि डोक्यावर हेल्मेट मिळाले असते तर, असे विचारणारे त्या मानाने थोडे. आपोआप शिकण्याची किंमत शिकणाराच मोजतो, हे मोटारसायकललाही लागू आहे.

परवान्याचे वर्ग बदलणे राज्याच्या हातात नाही. ते केंद्रीय कायद्यात आहेत आणि त्यासाठी संसदेत दुरुस्ती लागेल. १२५ सीसीची मर्यादा आणि सोळा वर्षांच्या मुलांसाठी विजेवरच्या हलक्या गाडीचा वर्ग, या दोन्ही मागण्या दिल्लीच्या आहेत आणि विदर्भातल्या खासदारांनी त्या लावून धरायला हरकत नाही. शिबिरे मात्र राज्याला आजच्या आज सुरू करता येतात. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे निदेशक आहेत, आरटीओचे निरीक्षक तसेही शिबिरांना येतात, दंडाची रक्कम सरकारकडे जमा होतेच आहे. त्यातला एक हिस्सा दहा सराव गाड्या, तीस हेल्मेट आणि प्रशिक्षकांच्या मानधनाकडे वळवायचा आहे. सुरुवातीला सक्तीही नको. शिबीर केलेल्याला चाचणीचे शुल्क माफ करावे आणि तारीख आधी द्यावी. गर्दी होते की नाही ते एका वर्षात दिसेल. पहिले शिबीर पावसाळा संपल्यावर, सोयाबीन निघून कापूस वेचणीचा जोर यायच्या आत लावावे, कारण त्यानंतर कारखान्याचे गाळप सुरू होते आणि ट्रॉल्या रस्त्यावर येतात.